प्रतिपिंडे तयार होण्याआधीचे दिवस: मेट, एनकेटी आणि गॅमा-डेल्टा टी पेशी

धागाकर्ता: विश्वामित्रीकाठ, वडोदरा

विषमज्वराचा संशय असलेला रुग्ण तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विडाल चाचणी करून घेतो, अहवाल नकारात्मक येतो आणि घरची माणसे विचारतात, की शरीर अजून लढायला लागलेच नाही की काय? दांडिया बाजारातील एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत मी निवृत्त होईपर्यंत काम केले. पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न हमखास आमच्या खिडकीशी यायचा. ही चाचणी साल्मोनेला टायफीविरुद्धची प्रतिपिंडे तपासते, आणि ती चाचणीत दिसण्याइतकी साठायला साधारणपणे पहिला आठवडा उलटावा लागतो. म्हणून तर सुरुवातीच्या दिवसांत रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जिवाणू वाढवून पाहणे, अधिक भरवशाचे मानतात. अहवाल कोरा असला तरी त्या आठवड्यात शरीर स्वस्थ बसलेले नसते. त्या काळात टी पेशींपैकी एक निराळा गट काय काम करतो, हे येथे मांडावे असे मनात आहे. जाणकारांनी भर घालावी.

शाळेत आपण प्रतिकारशक्तीचे दोन भाग शिकतो. जन्मजात भागातल्या न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज वगैरे पेशी तत्काळ धावतात, पण त्यांची पारख ढोबळ असते. अर्जित भागातल्या बी आणि टी पेशींची पारख नेमकी असते, पण त्यांना वेळ लागतो. हा वेळ का लागतो ते आधी पाहू. छातीतील थायमस ग्रंथीत घडताना प्रत्येक टी पेशीच्या ग्राहीची (रिसेप्टरची, म्हणजे ओळख पटवणाऱ्या प्रथिनाची) जनुके निरनिराळ्या प्रकारे जोडली जातात, त्यामुळे प्रत्येकीला ओळखता येणारी गोष्ट वेगळी असते. एखाद्या जंतूच्या प्रथिनाचा ठरावीक तुकडा ओळखू शकेल अशी टी पेशी साधारण लाखात किंवा दहा लाखांत एक सापडते. लसिका ग्रंथीत तिची गाठ तो तुकडा घेऊन आलेल्या डेंड्रायटिक पेशीशी (जंतूचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या पेशीशी) पडावी लागते, मग तिचे विभाजन होऊन तिच्यासारख्या हजारो पेशी तयार व्हाव्या लागतात आणि त्यानंतर त्या संसर्गाच्या जागी पोहोचतात. यात चार ते सात दिवस सहज जातात, आणि तेवढ्या अवधीत जिवाणूच्या कित्येक पिढ्या होऊन जातात.

या दोन भागांच्या सांध्यावर ज्या टी पेशी उभ्या आहेत, त्यांना जन्मजातसदृश टी पेशी म्हणतात. त्यांचे तीन मोठे गट आहेत: मेट, म्हणजे म्यूकोसल-असोसिएटेड इन्व्हेरियंट टी पेशी, एनकेटी, म्हणजे नॅचरल किलर टी पेशी, आणि गॅमा-डेल्टा टी पेशी. तिन्हींचा जन्म थायमसमध्येच होतो आणि तिन्हींकडे टी पेशीचा ग्राही असतो, पण मेट आणि एनकेटी पेशींत तो जवळजवळ एकाच साच्याचा असतो आणि गॅमा-डेल्टा पेशींच्या मुख्य उपगटांतही त्यात फारशी विविधता नसते. साहजिकच, एका प्रकारचा धोका ओळखणाऱ्या पेशी लाखात एक नसतात; रक्तात त्या टक्क्यांच्या हिशेबात असतात, आणि यकृत, आतडे, फुप्फुसे, त्वचा अशा ठिकाणी आधीच मुक्काम ठोकून असतात. विभाजनाची वाट न पाहता त्या काही तासांत सायटोकाइन, म्हणजे इतर पेशींना संदेश देणारी प्रथिने, सोडतात.

त्या ओळखतात तरी काय, हा या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. नेहमीची टी पेशी जंतूच्या प्रथिनाचा तुकडा ओळखते, आणि जंतूला ते प्रथिन थोडेफार बदलून निसटता येते. जन्मजातसदृश पेशी मात्र जंतूच्या चयापचयात तयार होणारी रसायने ओळखतात. शेजारच्या बंद घरात कोणी राहते आहे की नाही, हे दार न ठोठावताही फोडणीच्या वासावरून कळावे, तसा हा प्रकार आहे. चेहरा बदलता येतो, पण जगायचे तर चूल पेटवावीच लागते.

मेट पेशींचे उदाहरण थोडे सविस्तर सांगतो. रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, माणसाच्या शरीरात तयार होत नाही. ते आपल्याला अन्नातून घ्यावे लागते. ई. कोलाय, साल्मोनेला, क्लेब्सिएला, क्षयाचा जिवाणू आणि कॅन्डिडासारख्या बुरशी मात्र ते स्वतः बनवतात. बनवताना मध्येच ५-ए-आरयू नावाचा एक पदार्थ तयार होतो. पेशीत साखरेचे विघटन होताना निघणाऱ्या मिथाइलग्लायॉक्सालशी तो एन्झाइमच्या मदतीशिवाय जोडला जातो आणि ५-ओपी-आरयू हा संयुग पदार्थ बनतो. हा पदार्थ पाण्यात फार काळ टिकत नाही. आपल्या पेशींमधील एमआर-१ हे प्रथिन मात्र त्याला रासायनिक बंधाने पकडून ठेवते. एरवी पेशीच्या आतच थांबलेले एमआर-१ हा पदार्थ हाती लागल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर येते आणि मेट पेशी त्याला ओळखते. एमआर-१ जीवनसत्त्वांशी संबंधित असे पदार्थ पकडते हे मेलबर्नमधील संशोधकांनी २०१२ साली दाखवले, आणि ५-ओपी-आरयूची नेमकी ओळख २०१४ साली पटली. त्याआधी जवळपास वीस वर्षे या पेशी माहीत होत्या, पण त्या कशाला प्रतिसाद देतात हे कोडे होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नेहमीच्या टी पेशींना जंतूचे तुकडे दाखवणारी एचएलए प्रथिने माणसागणिक वेगळी असतात, आणि अवयवदात्याची जुळणी करताना त्यांच्यामुळेच पंचाईत होते. एमआर-१ मात्र जवळजवळ सर्व माणसांत सारखेच असते, इतकेच काय, उंदराच्या एमआर-१शीही त्याचे पुष्कळ साम्य आहे. सस्तन प्राण्यांनी ते इतका काळ जपून ठेवले आहे, त्यावरून त्याचे महत्त्व ताडता येते.

प्रौढ माणसाच्या रक्तातील टी पेशींपैकी साधारण १ ते १० टक्के मेट पेशी असतात, तर यकृतातील टी पेशींत त्यांचे प्रमाण २० ते ४५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. आतड्यातून निघालेले रक्त आधी यकृतात येते, हे ध्यानात घेतले तर त्यांनी तिथे गर्दी का करावी हे वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद: शेवंती

काका, लेख आवडला. एक व्यावहारिक शंका आहे. आमचे डॉक्टर प्रतिजैविकाबरोबर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आवर्जून लिहून देतात. त्यांत रिबोफ्लेविन असतेच. मग त्या घेतल्याने मेट पेशी जाग्या होत असतील का? आणि दही-ताकातले जिवाणूही ब जीवनसत्त्वे तयार करतात असे वाचले आहे. त्यांच्यावर या पेशी का तुटून पडत नाहीत?

प्रतिसाद: विश्वामित्रीकाठ

शेवंतीताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. मेट पेशींना रिबोफ्लेविन दिसत नाही. ते तयार होत असताना मध्येच निर्माण होणारा पदार्थ त्यांना दिसतो, आणि गोळीत तयार झालेले जीवनसत्त्व असते. गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती याच रिबोफ्लेविनमुळे, पण त्याने पहारा वाढत नाही. फॉलिक आम्लाची कथा तर उलटीच आहे. त्याच्यापासून प्रकाशात तयार होणारे ६-एफपी एमआर-१ला चिकटते, पण मेट पेशींना जागे करत नाही. प्रयोगशाळेत तर मेट पेशींना रोखून धरण्यासाठी त्याच्यासारखे पदार्थ वापरतात. 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिराती पाहताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. आतड्यातील कितीतरी निरुपद्रवी जिवाणू ही रसायने बनवतात, आणि त्यांच्यावाचून मेट पेशी तयारच होत नाहीत. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांत त्या जवळजवळ नसतातच. २०१९ साली दिसून आले की ५-ओपी-आरयू आतड्यातून थायमसपर्यंत पोहोचतो आणि तेथे मेट पेशींच्या वाढीला चालना देतो. उंदरांत त्यासाठी जन्मानंतरचा ठरावीक काळ महत्त्वाचा असतो. तो हुकला तर ती तूट पुढे नीट भरून निघत नाही. माणसाच्या नवजात बाळात या पेशी अगदी थोड्या असतात, पहिल्या काही वर्षांत वाढतात आणि उतारवयात पुन्हा कमी होतात.

निरुपद्रवी जिवाणूंवर त्या तुटून पडत नाहीत, कारण नुसत्या रसायनाने त्यांचा प्रतिसाद सौम्य राहतो. मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशी जेव्हा धोका जाणवून इंटरल्यूकिन-१२, इंटरल्यूकिन-१८ यांसारखे संदेश सोडतात, तेव्हाच मेट पेशी जोरात कामाला लागतात. एरवी शांत परिस्थितीत तोच रासायनिक इशारा मिळाला तर त्यांच्यात ऊतींच्या दुरुस्तीशी संबंधित जनुके चालू होतात, असेही अलीकडे दिसले आहे.

प्रतिसाद: कमाटीबाग

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. एनकेटी पेशींबद्दल थोडी भर घालतो, कारण त्यांच्या शोधाची हकीकत रंजक आहे. किरिन या जपानी मद्य कंपनीच्या औषध विभागातील संशोधक कर्करोगावर उपयोगी ठरेल असे काही समुद्रात शोधत होते. ओकिनावाजवळच्या समुद्रातील एका स्पंजापासून त्यांना एक साखरयुक्त मेद मिळाला, आणि त्यापासून अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड हे रसायन पुढे आले. एनकेटी पेशी सीडी-१डी या प्रथिनावर मांडलेले हे रसायन ओळखतात, हे १९९७ साली सिद्ध झाले. उंदराला त्याचे इंजेक्शन दिले तर दोनेक तासांत इंटरल्यूकिन-४ आणि पाठोपाठ इंटरफेरॉन-गॅमा रक्तात दिसू लागतात. पुढे स्फिंगोमोनास, लाइम रोगाचा बोरेलिया आणि न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस यांच्यातही एनकेटी पेशी ओळखतील असे मेद सापडले.

माझा प्रश्न असा आहे, की या पेशी थायमसमधूनच तयारीत बाहेर कशा पडतात? नेहमीच्या टी पेशीला कोरी पाटी घेऊन बाहेर पडावे लागते, मग यांनाच ही सवलत कशी?

प्रतिसाद: विश्वामित्रीकाठ

छान भर घातलीत. तुमच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी निवडीच्या, म्हणजे थायमसमध्ये कोणती कोवळी पेशी पुढे जाऊ द्यायची हे ठरवण्याच्या, पद्धतीत आहे. नेहमीच्या टी पेशीची निवड थायमसच्या अस्तरातील पेशी करतात. एनकेटी आणि मेट पेशींची निवड मात्र थायमसमधल्याच इतर कोवळ्या टी पेशी करतात. सीडी-१डी आणि एमआर-१ त्यांच्याच पृष्ठभागावर असतात. या भेटीत मिळणारे संदेश पीएलझेडएफ नावाचे नियामक प्रथिन चालू करतात. २००८ साली एनकेटी पेशींत त्याचे महत्त्व कळले आणि नंतर मेट पेशींतही तेच आढळले. हे प्रथिन चालू झाले की पेशी लढाऊ स्वरूपात घडते, काही सायटोकाइनचे संदेशवाहक आरएनए आधीच तयार ठेवते, आणि लसिका ग्रंथींत फिरत राहण्याऐवजी ऊतींमध्ये जाऊन बसते.

माणसाच्या रक्तात एनकेटी पेशी फारच थोड्या, पुष्कळदा ०.१ टक्क्याहूनही कमी असतात. उंदरात उलट आहे: एनकेटी भरपूर आणि मेट विरळ. उंदरावर सिद्ध झालेले माणसाला लावताना ही अडचण नेहमी आडवी येते.

प्रतिसाद: रावपुरा_जुना

गॅमा-डेल्टा पेशींविषयी कोणी लिहीत नाही म्हणून विचारतो. माझ्या आईला हाडे ठिसूळ झाल्याबद्दल वर्षातून एकदा घ्यायचे झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन शिरेतून दिले. दुसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला, अंग मोडून आले, आणि आम्हांला वाटले की सलाइनच्या सुईतून संसर्ग झाला. असे होऊ शकते हे त्या रुग्णालयात कोणीही आधी सांगितले नव्हते, त्यामुळे ती रात्र आम्ही धास्तीत काढली. ताप दोन दिवसांत आपोआप उतरला. नंतर एका परिचित डॉक्टरांनी सांगितले की याच्या मागे गॅमा-डेल्टा टी पेशी आहेत. संसर्ग नसताना संसर्गाशी लढणाऱ्या पेशी का खवळाव्यात, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

प्रतिसाद: विश्वामित्रीकाठ

आपल्या आईंना आता बरे आहे हे वाचून समाधान वाटले. आपण दिलेले उदाहरण या विषयात नेहमी सांगितले जाते, कारण त्यातून गॅमा-डेल्टा पेशींची सारी युक्ती उघड होते.

टी पेशीच्या ग्राहीचे गॅमा जनुक १९८४ साली तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत सापडले, तेही अल्फा जनुकाचा शोध चालू असताना. माणसाच्या रक्तातील टी पेशींपैकी साधारण १ ते ५ टक्के, कधी त्याहून जास्त, या प्रकारच्या असतात, आणि त्यांतील बहुसंख्य गॅमा-९ डेल्टा-२ या उपगटातल्या असतात. हा उपगट फॉस्फेट जोडलेले छोटे पदार्थ ओळखतो. कोलेस्टेरॉल आणि तत्सम पदार्थांकडे जाणाऱ्या वाटेवर आपल्या पेशींत आयपीपी तयार होतो. अनेक जिवाणू आणि मलेरियाचा परजीवी निराळ्या वाटेने जातात आणि त्यांच्याकडे वाटेत एचएमबीपीपी बनतो. गॅमा-डेल्टा पेशींच्या लेखी एचएमबीपीपी हा आयपीपीपेक्षा हजारो पटींनी प्रभावी आहे, म्हणून एरवी आपला स्वतःचा आयपीपी दुर्लक्षित राहतो.

झोलेड्रॉनिक आम्ल आयपीपीच्या पुढचे एन्झाइम बंद पाडते. हाडे झिजवणाऱ्या पेशींना लगाम घालण्यासाठी ते हवेच असते, पण रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींतही ते शिरते आणि तेथे आयपीपी तुंबतो. त्याचे प्रमाण इतके वाढते की गॅमा-डेल्टा पेशींना ती आतून जंतू शिरलेली पेशी वाटते, आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा व टीएनएफ ही सायटोकाइन सोडतात. हुडहुडी, ताप, अंगदुखी ही त्याचीच फळे. हा त्रास सहसा पहिल्या वेळी जास्त आणि पुढच्या वेळी कमी होतो, आणि तीनेक दिवसांत ओसरतो. पुढच्या वेळी आधी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलची सोय करून ठेवावी. संसर्गाचा एकही जंतू नसताना, नुसत्या एका रसायनाच्या साठ्याने, दुसऱ्या दिवशी अंग तापावे इतक्या वेगाने या पेशी काम करतात.

हा फॉस्फेटयुक्त पदार्थ पेशीच्या आतच राहतो, मग बाहेरच्या गॅमा-डेल्टा पेशीला तो कळतो कसा, हा प्रश्न बरीच वर्षे अडला होता. पेशीच्या आवरणातील ब्यूटायरोफिलिन कुळातील बीटीएन-३ए१ हे प्रथिन त्याला आतल्या बाजूने पकडते आणि त्यामुळे बाहेरची रचना बदलते, हे गेल्या दशकात स्पष्ट झाले. जोडीला बीटीएन-२ए१ लागते हे २०२० साली कळले.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावर आपल्या शहरात लेप्टोस्पायरोसिसची चर्चा बरीच झाली होती. मानवी रक्तपेशी लेप्टोस्पायरा जिवाणूंबरोबर प्रयोगशाळेत वाढवल्या, तर त्यांतही गॅमा-डेल्टा पेशींची संख्या विशेष वाढते, असे आढळले आहे.

प्रतिसाद: संशयात्मा

माहिती उत्तम आहे, पण मला एक खटकते. या पेशी इतक्या मोलाच्या असतील तर त्या नसलेला माणूस लहानपणीच दगावायला हवा. तसे होते का? शिवाय ज्या जिवाणूंकडे रिबोफ्लेविन बनवण्याची सोयच नाही, त्यांच्यापुढे मेट पेशी आंधळ्याच ठरणार. जाता जाता: 'लवकर प्रतिसाद' म्हणजे नेहमी चांगलाच प्रतिसाद, हे गृहीत का धरायचे?

प्रतिसाद: विश्वामित्रीकाठ

आपले तीनही आक्षेप वजनदार आहेत. एमआर-१च्या जनुकात दोन्ही प्रतींत एकच बिघाड असल्यामुळे मेट पेशी नसलेल्या एका व्यक्तीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ती व्यक्ती प्रौढ वयापर्यंत जगली होती, मात्र तिला चिवट, उपचारांना दाद न देणारे विषाणूजन्य चामखीळ होते. विशेष म्हणजे तिच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशी वाढलेल्या होत्या. मला यातून असे दिसते की हे गट एकमेकांची जागा काही प्रमाणात भरून काढतात. एका व्यक्तीवरून फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही, हेही खरे.

दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. लिस्टेरिया आणि घशाचा दाह करणारा गट-अ स्ट्रेप्टोकॉकस यांच्याकडे रिबोफ्लेविनची वाट नाही. विषाणूंकडे तर कसलाच चयापचय नाही. तरीही डेंग्यू, फ्लू आणि हेपॅटायटिस-सी यांमध्ये मेट पेशी जाग्या होतात, त्या फक्त इंटरल्यूकिन-१२, इंटरल्यूकिन-१८ आणि इंटरफेरॉन यांच्या संदेशांवर. येथे ग्राहीला काही दिसावे लागत नाही, मात्र प्रतिसाद थोडा उशिरा येतो.

तिसऱ्या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. गट-अ स्ट्रेप्टोकॉकसच्या विषारी धक्क्यात (टॉक्सिक शॉकमध्ये) त्याचे सुपरअँटिजेन, म्हणजे टी पेशींना सरसकट चेतवणारे विष, मेट पेशींना भलतेच भडकवते आणि इंटरफेरॉन-गॅमाचा मोठा वाटा त्यांच्याकडूनच येतो. तेथे त्या रुग्णाच्या हिताच्या विरुद्ध जातात. क्षयाचे उदाहरण आणखी बोलके आहे. उंदरांत क्षयाचा संसर्ग होण्याआधी मेट पेशींची संख्या मुद्दाम वाढवून ठेवली तर अपेक्षित फायदा झाला नाही, उलट सीडी-४ टी पेशी (नेहमीच्या टी पेशींतील मदतनीस गट) जाग्या व्हायला उशीर लागला. जुना संसर्ग झालेल्या उंदरांत त्यांची संख्या वाढवली तेव्हा मात्र जिवाणू कमी झाले. एकाच पेशीचा उपयोग संसर्गाच्या कोणत्या टप्प्यावर आहात यावर ठरतो.

त्याउलट टुलॅरेमिया या जिवाणूजन्य रोगाच्या जिवाणूची सौम्य जात फुप्फुसात सोडलेल्या उंदरांत मेट पेशी नसतील तर जिवाणू आटोक्यात यायला वेळ लागतो आणि नेहमीच्या टी पेशीही तेथे उशिरा पोहोचतात. ढाक्यातील कॉलराच्या रुग्णांत मेट पेशी जाग्या झाल्याचे दिसले. ऑक्सफर्डमध्ये स्वयंसेवकांनी पॅराटायफॉइडचे जिवाणू पिऊन घेतलेल्या अभ्यासात मेट पेशींच्या काही ठरावीक वंशावळी वाढल्या. म्हणजे साचा एकच असला तरी त्यांच्यातही थोडीफार निवड होते. विषमज्वराच्या कुळातील जिवाणूवर हे थेट माणसात पाहिलेले असल्यामुळे मला त्याचे विशेष वाटते.

प्रतिसाद: लहरीपुरा

लशींच्या बाबतीत या पेशींचा काही उपयोग करून घेता येतो का?

प्रतिसाद: कमाटीबाग

कोविशील्डमध्ये वापरलेल्या चिंपांझीच्या अ‍ॅडेनोव्हायरस वाहकावर असा अभ्यास झाला आहे आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. हा वाहक शरीरात गेल्यावर मेट पेशी जाग्या होतात. मेट पेशी नसलेल्या उंदरांत लशीमुळे तयार होणाऱ्या सीडी-८ टी पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणारा नेहमीच्या टी पेशींचा गट) कमी पडल्या. म्हणजे सुरुवातीच्या तासांतली ही हालचाल पुढच्या अर्जित प्रतिसादालाही हातभार लावते.

काका, माझा शेवटचा प्रश्न. आमच्या विभागात फ्लो सायटोमीटर (पेशींवरील खुणा पाहून त्या मोजणारे यंत्र) आहे. त्यावर या पेशी मोजता येतील का?

प्रतिसाद: विश्वामित्रीकाठ

येतील. जुनी पद्धत अशी, की व्ही-अल्फा-७.२ (मेट पेशीच्या ग्राहीचा ठरावीक भाग) आणि सीडी-१६१ (पृष्ठभागावरील एक प्रथिन) या दोन्ही खुणा असलेल्या टी पेशी मोजायच्या. निरोगी प्रौढाच्या रक्तात ती बऱ्यापैकी चालते. संसर्ग झालेल्या किंवा वृद्ध व्यक्तीत सीडी-१६१ची खूण फिकी पडते, आणि मग मेट पेशी कमी झाल्या की खूण पुसली गेली हे सांगता येत नाही. त्यासाठी ५-ओपी-आरयू भरलेले एमआर-१चे टेट्रामर, म्हणजे त्या प्रथिनाच्या चार प्रती जोडून केलेली खूण, वापरणे अधिक खात्रीचे. रक्त काढल्यावर नमुना फार वेळ ठेवू नका, आणि त्याच नमुन्यात गॅमा-डेल्टा ग्राहीचीही खूण लावा, म्हणजे दोन्ही गट शेजारी शेजारी पाहता येतील. रुग्णाच्या उपचारासाठी मात्र ही मोजणी नेहमीच्या तपासणीत करत नाहीत, तेव्हा त्या आकड्यांवरून घरच्या कोणाला सल्ला देऊ नये.